मोटेच्या सोंडेपासून ठिबकच्या नळीपर्यंत: सांभाळणीचा इतिहास

मंडळी, रोहिणी नक्षत्र लागलं. पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत एक काम उरकायचं असतं आणि ते कुणाच्याच यादीत नसतं. उन्हाळाभर रानात पडलेल्या नळ्या गोळा करायच्या. ठिबकच्या काळ्या नळ्या, विहिरीवरचा सक्शन पाइप, फवारणीची नळी, लपेटा पाइप, आणि घरामागच्या भाजीला पाणी घालायची ती हिरवी नळी. आत्ता कुठल्याही शिवारात चक्कर मारा. कुठे बांधावर, कुठे बाभळीच्या बुडात, कुठे गोठ्याच्या पत्र्यावर ही वेटोळी पडलेली दिसतात. पाऊस संपून परत पाणी द्यायची वेळ आली की ती उचलायची. तोवर त्यांना मोड पडलेली असते, चिरा गेलेल्या असतात, आत मुंग्यांनी घर केलेलं असतं.

लोक म्हणतात, प्लॅस्टिकचा माल आहे, टिकणार किती? आज मला या वाक्यावरच लिहायचंय. नळीचा इतिहास बघितला तर उलटंच दिसतं. टिकणं मालावर जेवढं असतं तेवढंच सांभाळणाऱ्यावर असतं. दर काळात नळी बदलली, तिचा शत्रू बदलला, आणि त्या शत्रूला ओळखणारा कुणीतरी माणूस असायचा. आपल्या काळात नळी आहे, शत्रू आहे, फक्त तो माणूस गायब झालाय.

सुरुवात आपल्याच विहिरीपासून करू.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. वरचं तोंड रुंद, त्याला लोखंडी कडं. खालच्या बाजूला कातड्याचीच निमुळती लांब नळी, तिला सोंड म्हणायचं. मोटेच्या तोंडाला जाड दोर, तो नाडा. सोंडेच्या टोकाला बारीक दोर, तो सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून आणि सोंदूर खालच्या आडव्या रुळावरून बैलांच्या जुवापर्यंत यायचा. मोट पाण्यातून वर येत असताना सोंड दुमडून मोटेला लागून उभी राहायची, म्हणून पाणी सांडत नसे. बैल धावेच्या टोकाला पोचले की मोट चाकापाशी वर चढायची, सोंड मात्र रुळावरून बाहेर थारोळ्यात ओढली जायची आणि पाणी आपोआप भसकन पडायचं. मोट उपडी करायला वेगळा माणूस लागत नव्हता. एका खेपेला शंभर ते दोनशे लिटर पाणी, मोट जेवढी मोठी तेवढं.

आता ती सोंड नीट डोळ्यांपुढे आणा. वाकणारी, दुमडणारी, आतून पाणी वाहून नेणारी कातड्याची नळी. नळी ही काही साहेबाबरोबर आलेली वस्तू नाही. तिचं एक रूप आपल्या विहिरीवर पिढ्यानपिढ्या वर-खाली होत होतं. तेराव्या शतकातल्या अरणच्या सावता माळ्यांच्या अभंगातसुद्धा मोट आणि नाडा येतो. पुढे पत्र्याच्या मोटा आल्या, तरी सोंड कातड्याचीच राहिली. पाणी धरायला पत्रा चालतो, पण दुमडायला पत्रा चालत नाही.

कातड्याची सोंड म्हणजे नाजूक प्रकरण. एकाच जागी दिवसातून शेकडो वेळा दुमडायची. कातडं पूर्ण वाळलं की कडक होतं आणि दुमडीवर तडकतं. ओलंच गुंडाळून ठेवलं तर कुजतं, बुरशी धरतं. वर उंदीर-घुशींना ते आवडतं. म्हणजे फार कोरडं नको, फार ओलं नको, आणि उंदराच्या तोंडी नको. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, पावसाळ्यात विहिरीचं काम थांबलं की मोट धुवून सावलीत सुकवायची, करंजाचं नाहीतर एरंडीचं तेल चोळायचं आणि गोठ्यात आढ्याला टांगायची. दसरा-दिवाळीला काढली की आधी भिजवायची, मग नाडा जोडायचा. कोरड्या मोटेला कुणी थेट विहिरीत सोडत नसे.

इथे थोडं थांबून हे काम कोण करत होतं तेही बोललं पाहिजे. नाहीतर आपण नुसते जुन्या दिवसांचे गोडवे गाणार. मोटेचं कातडं कमवायचं काम ढोर समाजाकडे होतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते कातडं कमवत, मोटाही बनवत. शिवण उसवली, भोक पडलं की चांभार. नाडा-सोंदूर वळायचं काम मांग समाजाकडे. सुगीला खळ्यावर मिळणारं बलुतं ही त्याची मजुरी. आणि ज्या हातांनी ही मोट घडवली, शिवली, दोर वळला, त्याच हातांना गावाच्या पाणवठ्याला शिवायची मुभा नव्हती. १९२७ साली २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं ते उगाच नाही. पाणी उपसण्याचं ज्ञान ज्यांच्याकडे होतं त्यांना पाणीच नव्हतं. मोट गेली त्याचं मला दुःख नाही. बैलांचे हाल आणि माणसांची ही वागणूक, दोन्ही गेलेलंच बरं. पण त्या हातांमधलं ज्ञान आपण कुणीच उचललं नाही, एवढं खरं.

आता जरा लांब जाऊ, कारण आज आपण वापरतो त्या नळीचं घराणं तिकडचं आहे.

हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात यान व्हान डर हेडन नावाचा चित्रकार होता. शहरांची, कालव्यांची चित्रं काढायचा. त्याला आगीच्या बंबांचं वेड. त्या काळी बंबाला हलवता येणारी नळी नसायची. बंबावरच तोटी बसवलेली, त्यामुळे बंब आगीजवळ न्यायचा आणि लांबून पाणी मारायचं. आत पेटलेल्या खोलीपर्यंत पाणी जातच नसे. १६७२ च्या सुमारास यान आणि त्याचा भाऊ निकोलास यांनी कातड्याची शिवलेली नळी बंबाला जोडली. तुकडे पितळी जोडांनी एकमेकांना जोडायचे, आपण आज कपलिंग लावतो तसे. आता बंब रस्त्यावर ठेवून माणूस नळी घेऊन जिन्याने वर जाऊ शकत होता. १६९० मध्ये त्याने या बंबांवर चित्रांसकट एक पुस्तकही काढलं.

अडचण तीच, शिवण. दाब वाढला की टाक्यातून पाणी गळायचं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेलर्स आणि पेनॉक या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर तोड काढली. दोऱ्याने शिवण्याऐवजी कातड्याच्या कडा धातूच्या रिबिटांनी ठोकून जोडल्या. नळी दाब सोसू लागली. पण कातडं ते कातडंच. आग विझवून आल्यावर नळी धुवायची, सुकवायची आणि चरबी किंवा तेल चोळून मऊ करायची, हे बंबवाल्यांचं ठरलेलं काम असायचं. सात समुद्रापलीकडचा बंबवाला आणि आपला मोटकरी यांची कधी भेट झाली नाही, पण दोघांचं काम एकच. कातड्याने शिकवलेलं.

पुढे कापडाच्या विणलेल्या नळ्या आल्या. हलक्या, गुंडाळायला सोप्या. पण कापडाचा शत्रू वेगळा. कातडं कोरडेपणाने मरतं, कापड ओलाव्याने. ओली घडी ठेवली की कुजली. म्हणून बंबखान्यांना उंच मनोरे बांधले गेले. मनोरा टेहळणीसाठी असतो असं आपल्याला वाटतं, पण कित्येक ठिकाणी त्याचा मोठा उपयोग ओल्या नळ्या उभ्या टांगून निथळत ठेवायला व्हायचा. एक नळी सुकवायला इमारतीचा मजल्यांवर मजला चढवला. बघा, सांभाळणीला केवढं महत्त्व होतं ते.

मग रबर. झाडाच्या चिकाचं रबर आधीपासून माहीत होतं, पण उन्हाळ्यात ते चिकट व्हायचं आणि थंडीत काडीसारखं मोडायचं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला कळलं की रबरात गंधक घालून तापवलं तर ते दोन्ही ऋतूंत लवचिक राहतं. १८४४ मध्ये त्याने पेटंट घेतलं. १८७० मध्ये बेंजामिन गुडरिच नावाच्या डॉक्टरने ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावात रबराचा कारखाना काढला. बाहेरून सुती विण आणि आत रबर अशी बंबाची नळी हा त्यांचा सुरुवातीचा मुख्य माल. अशाच नळ्या पुढे बागांत, अंगणांत आल्या.

रबराला पाण्याचं भय नाही. मग शत्रू कोण? ऊन, हवेतला ओझोन आणि तेल. जुन्या टायरच्या कडेला बारीक चिरांचं जाळं दिसतं ना, तेच नळीला होतं, आणि जिथे नळी ताणून वाकवलेली असते तिथे आधी होतं. तेलाची गंमत बघा. कातड्याला जे तेल औषध होतं, तेच रबराला विष. डिझेल किंवा इंजिनाचं तेल लागलं की साधं रबर फुगतं, गिळगिळीत होतं. आपल्याकडे मोटेनंतर तेलावरची इंजिनं आली तेव्हा रबरी सक्शन पाइप त्या इंजिनापाशीच पडून असायचा, डिझेलच्या थारोळ्यात. कातड्याची सवय असलेल्याने प्रेमाने तेल चोळलं तरी तो पाइप लवकरच जाणार. माल बदलला की जुनं शहाणपण तसंच्या तसं चालत नाही, ते परत शिकावं लागतं.

आता आपल्या हिरव्या नळीकडे येऊ. ती पीव्हीसीची. याची जन्मकथा मजेशीर आहे. १८७२ मध्ये जर्मनीत ऑयगन बाउमन या रसायनशास्त्रज्ञाने उन्हात ठेवलेल्या बाटलीतल्या वायूपासून पांढरा घट्ट पदार्थ तयार झालेला पाहिला. तेच पीव्हीसी. पण ते कडक आणि ठिसूळ, कुणाला उपयोग सुचेना. १९२६ मध्ये गुडरिचच्याच कंपनीतला वॉल्डो सेमन वेगळंच काही करत होता, रबर धातूला चिकटवायचा गोंद शोधत होता. त्याने पीव्हीसी एका द्रवात घालून तापवलं. गोंद मिळाला नाही, पण रबरासारखा मऊ, वाकणारा पदार्थ हाती लागला.

नळीच्या सांभाळणीचं मर्म इथे आहे. पीव्हीसी मुळात मऊ नाही. त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात, त्यामुळे ती मऊ राहते. जमिनीखाली गाडतो त्या पांढऱ्या-करड्या पाइपात हे द्रव्य नसतं, म्हणून तो काठीसारखा ताठ. मऊ नळीतून हे द्रव्य हळूहळू बाहेर निघत राहतं, आणि उष्णतेत जास्त वेगाने निघतं. ते गेलं की नळी कडक होते आणि वाकवली की तडकते. म्हणजे उन्हात जन्मलेला पदार्थ उन्हातच मरतो. आजोबांच्या मोटेचं तेल उडालं की कातडं कडक व्हायचं, तुमच्या नळीतलं द्रव्य उडालं की नळी कडक होते. रोग तोच. फरक एवढाच की कातड्याला परत तेल चोळता यायचं. पीव्हीसीला वरून काही चोळून ते द्रव्य परत आत जात नाही. इथे औषध नाही, फक्त पथ्य आहे.

शेवटची नळी ठिबकची, काळी. ती पॉलिथिनची. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे गिब्सन आणि फॉसेट यांना हा पदार्थ असाच अचानक सापडला, आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर आवरण म्हणून त्याचा मोठा उपयोग झाला. पॉलिथिनमध्ये उडून जायला प्लॅस्टिसायझर नाही, पण साधं पॉलिथिन उन्हाने फुटतं. म्हणून त्यात दोन-तीन टक्के काजळी मिसळतात. ठिबकची नळी काळी असते ती शोभेसाठी नाही. ती काजळी ऊन स्वतःवर घेते आणि नळीला वाचवते. आपल्या आया बाळाला काजळाची तीट लावतात, तसंच समजा. काळा रंग फिका, राखाडी वाटणारी स्वस्त नळी घेताना म्हणूनच दहादा विचार करावा.

इस्रायलमध्ये सिम्हा ब्लास या पाण्याच्या इंजिनिअरने ठिबकची कल्पना पक्की केली आणि १९६५ मध्ये नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम किबुत्झबरोबर तिचं उत्पादन उभं राहिलं. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या शेवटी जळगावच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीने ठिबक शेतकऱ्यांपर्यंत नेलं. केळी, द्राक्ष, डाळिंब, मग ऊस. आज मोटेची धाव बुजून गेलेल्या विहिरीवरूनसुद्धा काळ्या नळ्या निघतात.

आणि इथेच साखळी तुटली. मोटेला चांभार होता, बलुतं होतं, टांगायची जागा होती. बंबाला मनोरा होता. ठिबकला काय आहे? बसवून देणारा येतो, अनुदानाचे फोटो निघतात, तो जातो. गुंडाळून कसं ठेवायचं हे सांगायला कुणी नाही. माल स्वस्त वाटतो म्हणून आपणही विचारत नाही. पण एकरभराच्या नळ्यांचा खर्च काढून बघा आणि ती दोन हंगाम जास्त चालली तर काय वाचतं याचा हिशोब घाला. खताच्या गोणीच्या भावावर आपण पारावर तासभर बोलतो, यावर कधी बोलत नाही.

म्हणून मी दरवर्षी जे करतो ते सांगतो. यात नवं काही नाही, मोटेचंच शास्त्र नव्या मालाला लावलंय.

आधी धुणं. ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडायची आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत जोरात पाणी सोडायचं. क्षार जास्त असतील तर आम्ल प्रक्रिया जाणत्या माणसाला विचारून करायची. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

मग रिकामी करणं. उतारावर पसरून एका टोकाकडून उचलत यायचं, पाणी निघून जातं. आत राहिलेल्या कोमट पाण्यात शेवाळ आणि जंतू वाढतात. घरच्या नळीचंही तेच. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी पिऊ नका, लहान पोरांच्या अंगावर तर मुळीच सोडू नका. ते भाजण्याइतकं तापलेलं असतं.

तिसरं गुंडाळणं. हाताला आणि कोपराला पीळ देऊन दावं गुंडाळतो तसं नको. वेटोळं दोन हात रुंद तरी पाहिजे. मोठी नळी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी जमिनीवर टाकत गेलं की पीळ बसत नाही. सुतळीने सैल बांधायची, तारेने करकचून नाही. सकाळच्या पहिल्या गारव्यात नळी ताठ असते, जरा ऊन अंगावर आलं की नरम पडते, तेव्हा गुंडाळायला घ्यावी.

चौथं तोंड बंद करणं. टोकाला एंड कॅप, नाहीतर मक्याच्या कणसाचा बुरकुंडा किंवा चिंधी. मुंग्या आणि कुंभारीण माशी आत मातीचं घर करतात, मग ड्रिपर बंद पडले की आपण पाण्याला दोष देतो.

पाचवं टांगणं. एका खिळ्यावर नको, सगळं वजन एका जागी येऊन तिथेच मोड पडते. तीन-चार खुंट्या किंवा जुनं टायर भिंतीला लावून त्यावर. सावलीत, जमिनीपासून वर, धान्याच्या पोत्यांपासून लांब. धान्य तिथे उंदीर. आणि रबरी पाइप डिझेलच्या कॅनजवळ कधीच नाही.

आणि शेवटी, जी नळी खरंच संपली ती बांधावर पेटवू नका. पीव्हीसी जळताना जो धूर निघतो त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते, डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. मातीत गाडली तर तुकडे तुकडे होऊन नांगराला पिढ्यानपिढ्या लागत राहणार. मोटेचं कातडं कुजून मातीत मिसळायचं, हे मिसळत नाही. ठिबकच्या काळ्या नळ्या वेगळ्या काढून भंगारवाल्याला द्या, त्या वितळवून परत वापरता येतात.

मोटेला सांभाळणारा चांभार आता येणार नाही आणि त्याला त्या वागणुकीत परत बोलवायचंही नाही. ज्याची विहीर, त्यानेच ते हात व्हायचं. मृग निघायला अजून थोडे दिवस आहेत, एक सकाळ यासाठी काढा. तुमच्याकडे मोट पाहिलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर सोंड कशी सांभाळायचे, तेल कुठलं लावायचे, ते विचारा आणि लिहून ठेवा. त्यांच्याबरोबर ते जाईल.